मांजर हाकलून पिसवा जात नाहीत



‘पिसवा झाल्या तर मांजर घराबाहेर काढा’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला पटला नाही. मांजराच्या अंगावर दिसतात त्या प्रौढ पिसवा. त्यांची अंडी गळून सतरंजीत, गादीखाली, फरशीच्या फटींत पडतात. अळ्या तिथेच वाढतात. कोशातली पिसू फवारणीलाही सहसा दाद देत नाही, महिनोन्महिने दडून राहते आणि पावलांची हालचाल, ऊब जाणवताच बाहेर पडते. मांजर नसेल, तर ती माणसांना चावते. तेव्हा मांजराला पशुवैद्याकडून औषध द्यावे, अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत, फटी रोज झाडाव्यात. हे काही आठवडे नेटाने करावे. कुत्र्यासाठीचे पर्मेथ्रिनयुक्त औषध मात्र मांजराला लावू नये. ते त्याच्या जिवावर बेतते.

– एक वाचक, पुणे