मेजावरचा खेळ आणि वडशाचे नाटक

१९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा मेजाभोवती बसून भूमिका वठवण्याचा खेळ निघाला. १९७६ पासून 'द ड्रॅगन' हे मासिक त्याचे नियम, सुधारणा आणि वाद छापू लागले. छापील अंक २००७ मध्ये थांबले. खेळ बोलण्यातच विरतो, म्हणून खेळणाऱ्यांचे मन आज या जुन्या अंकांतच शोधावे लागते.

झाडीपट्टीचे नाटकही असेच पहाटेपर्यंत रंगून विरणारे. धान घरात आले, मंडई-शंकरपट भरले की वडशाच्या मंडळ्या गडचिरोली-चंद्रपूरची गावे जागवतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, गौरव यथोचितच. पण प्रयोगांची पत्रके, हस्तलिखित संहिता? त्या रद्दीत जाऊ देणे हा करंटेपणा ठरेल. ग्रंथालयांनी निदान यंदाच्या हंगामाची पत्रके तरी गाव-तारीख नोंदवून बांधून ठेवावीत.