कडक स्प्रिंग की कमी घर्षण?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विमानाच्या दांडीवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. 'याने आपले तेरीज पत्रक जुळवावे, उड्डाणाच्या गोष्टी कशाला?' असे कोणी म्हटले तर मी रागावणार नाही. पण मित्रहो, आवड काही शाखा विचारून येत नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, या अटीने आमच्यासारख्यांचे दार अनेक वर्षे बंद ठेवले. मुक्त विद्यालयातून ते विषय पुन्हा देऊन काहीजण वाट काढत आले. 2025 साली ही अटच काढून टाकण्याचा प्रस्ताव पुढे आल्याची बातमी वाचली आणि माझ्या मनात दडून बसलेली इच्छा पुन्हा डोके वर काढू लागली.

परवान्यासाठी किमान 200 तासांचे उड्डाण लागते, आणि त्यातल्या तासातासाचे पैसे मोजावे लागतात. ते पैसे आज आमच्या घरात नाहीत. म्हणून मी संगणकावर 'फ्लाइटगिअर' हा विनामूल्य कार्यक्रम घेतला, एक जुनी जॉयस्टिक विकत घेतली आणि रोज रात्री सेस्ना 172 घेऊन सांबऱ्याच्या धावपट्टीवर उतरू लागलो. म्हणजे उतरण्याचा प्रयत्न करू लागलो. विमान काही केल्या सरळ येईना. नाक जरा वर घ्यावे म्हणून दांडी ओढावी तर आधी काहीच होत नसे, आणि मग एकदम उसळी! पुन्हा पुढे ढकलावे तर पुन्हा तेच.

दोष दांडीच्या मध्यावर होता. स्वस्त जॉयस्टिकमध्ये बहुधा दांडीभोवती एकच मोठी स्प्रिंग असते. ती एका चकतीला खालच्या बैठकीवर दाबून धरते आणि दांडी उभी राहते. दांडी जराशी जरी कलवायची असली तरी चकतीची कड बैठकीवरून उचलावी लागते, आणि त्यासाठी सुरुवातीलाच बराच जोर लागतो. त्यात भर घर्षणाची. स्थितिक घर्षण हे गतिक घर्षणापेक्षा जास्त असते, हे आपण शाळेत मराठीतून शिकलो. आमच्या कन्नड विभागातील मित्र त्याला 'घर्षणे' म्हणतात. शब्द जवळजवळ तोच आणि त्रासही तोच. अडलेली वस्तू सुटते तेव्हा हवी तेवढीच सरकत नाही, झटक्याने पुढे जाते. माझी उसळी ती हीच.

यावर मी दोन उपाय केले, आणि दोन्ही चुकले. पहिला उपाय संगणकातला. मध्याभोवतीची थोडी हालचाल मोजायचीच नाही, असे त्याला सांगता येते. त्यामुळे विमान आपोआप हेलकावत नाही, पण बारीक दुरुस्तीही करता येत नाही. आम्हा वाणिज्यवाल्यांना ही युक्ती चांगली ओळखीची आहे. तेरीज जुळली नाही की फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकायची. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, पण चूक जिथे होती तिथेच राहते. दुसरा उपाय हत्यारांचा. दांडी कधी मध्याच्या अलीकडे थांबे, कधी पलीकडे. तेव्हा मला वाटले की स्प्रिंगच ढिली पडली असावी. मी तिच्याखाली एक वायसर घातला. दांडी मध्यावर नीट येऊ लागली खरी, पण मध्य सोडताना आता दुप्पट हिसका बसू लागला.

सुट्टीत गोवा एक्सप्रेसने भोपाळला मामांकडे गेलो, तेव्हा ती जॉयस्टिक पिशवीत होती. मामा पिपलानीत राहतात. 1956 साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सची, म्हणजे आजच्या 'भेल'ची, ही वसाहत. मामा तिथे फिटर आहेत आणि पुढच्या वर्षी निवृत्त होतील. पाण्यावर चालणाऱ्या टर्बाइनच्या बेअरिंगचे स्क्रेपिंग करण्यात त्यांचे आयुष्य गेले. निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, दोन भाग एकमेकांवर फिरवून पाहायचे, जिथे रंग लागेल तिथे उंचवटा, तेवढाच खरवडायचा. हे पुन्हा पुन्हा, रंग सगळीकडे सारखा पसरेपर्यंत.

त्यांनी जॉयस्टिक उघडली, वायसर पाहिला आणि विचारले, "हा कुणी घातला?"

"मीच, मामा. स्प्रिंग कमी पडत होती."

"अरे, स्प्रिंग कमी नव्हती, अडत होतं जास्त. अडतंय कुठे ते बघायचं सोडून तू जोर वाढवलास."

त्यांनी चकतीला निळा रंग लावून ती बैठकीवर फिरवली. रंग पूर्ण गोल उमटायला हवा होता. तो उमटला फक्त तीन ठिकाणी. साच्यातून निघताना प्लॅस्टिकला राहिलेली बारीक बर तिथे होती, आणि भोवती जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. बर पात्याच्या धारेने काढली, पाणी लावून हजार नंबरच्या वॉटर पेपरने बैठक घासली, जुने ग्रीस पुसून सिलिकॉनचे ग्रीस अगदी नखभर लावले. साधे पेट्रोलियमचे ग्रीस काही प्लॅस्टिकला चरे पाडते, म्हणून ते टाळले. दोन दुपारी त्यात गेल्या. शेवटी मामांनी वायसर माझ्या हातावर ठेवला. तो परत घालावा लागला नाही.

आता मध्याचा हिसका पुरता गेला असे मी म्हणणार नाही. एकाच स्प्रिंगच्या रचनेत तो थोडा राहतोच. पण संगणकातले माझे 'उचंत खाते' जवळजवळ शून्यावर आले, आणि सांबऱ्याची धावपट्टी समोर स्थिर दिसू लागली.

काही मित्र म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, चुंबकीय संवेदकाची नवी जॉयस्टिक घे. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. जुन्या प्रकारात कार्बनच्या पट्टीवर घासून मोजमाप होते आणि मध्यावरच ती पट्टी जास्त झिजते. चुंबकाला ती झीज नाही. परंतु संवेदक फक्त मोजतो. बैठक खडबडीत असेल तर तो त्या हिसक्याचेच अचूक माप देईल!

दुसरे म्हणतात, खेळण्यातल्या दांडीला इतके महत्त्व काय? माझे उत्तर असे की हात जे शिकतो ते लवकर विसरत नाही. सेस्नासारख्या लहान विमानात दांडीमागे स्प्रिंगचा मध्य नसतो. तारांनी जोडलेल्या पडद्यांवर वारा दाबतो आणि तो दाब हाताला कळतो. वेग वाढला की दांडी जड होते. ज्याच्या हाताला झटका देण्याची सवय लागली, त्याला ती खऱ्या विमानात महागड्या तासांत मोडावी लागेल. मोठ्या अभियंत्यांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. एफ-16 या लढाऊ विमानाची दांडी सुरुवातीला हलतच नसे, फक्त हाताचा दाब ओळखे. वैमानिकांना ते रुचेना म्हणून तिला थोडी हालचाल द्यावी लागली. 1988 साली सेवेत आलेल्या एअरबस ए-320 च्या दांडीमागे तर मुद्दाम स्प्रिंगच बसवलेली आहे. म्हणजे स्प्रिंग वाईट नाही. घर्षण झाकण्यासाठी वाढवलेली स्प्रिंग वाईट.

हा नियम जॉयस्टिकपुरताच आहे असे मला वाटत नाही. वर्गात उपस्थिती कमी झाली की आपण दंड वाढवतो. बस वेळेवर येत नाही की तासच समजत नाही, हे कोणी पाहत नाही. हिशेब लांबला की आणखी एक सही वाढते. प्रत्येक वेळी आपण वायसर घालतो. निळा रंग लावून पाहण्याला वेळ लागतो आणि हात मळतात, म्हणून ते काम मागे पडते.

मला परवाना मिळेल की नाही, ठाऊक नाही. पण मामा निवृत्त होण्यापूर्वी पुन्हा एकदा पिपलानीला जाऊन ते निळ्या रंगाचे काम हाताने शिकून घ्यायचे, एवढे मी ठरवले आहे. तो वायसर माझ्या टेबलाच्या खणात आहे.