उतारवयातला परदेशप्रवास कोणाचा?

बुलढाणा जिल्ह्यातून परदेशी जाणारा माणूस एके काळी साऱ्या गावाच्या कौतुकाचा विषय असे. आता चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर येथील निवृत्त शिक्षकांची व कारकुनांची मुले अमेरिकेत, युरोपात वा आखाती देशांत नोकरीस आहेत, आणि साठी ओलांडलेले आईवडील त्यांच्याकडे जाऊ लागले आहेत. ही गोष्ट आनंदाची आहे. मात्र हा प्रवास बहुधा कोणत्या निमित्ताने घडतो हे पाहिले म्हणजे त्या आनंदाला खंतीची किनार लागते. सुनेचे किंवा मुलीचे बाळंतपण येते, तिकिटे मुलगा काढतो, मुक्कामाचे महिने तोच ठरवतो. ज्यांनी आयुष्यभर शाळेचे वा कचेरीचे वेळापत्रक सांभाळले, त्यांना स्वतःच्या प्रवासात मात्र मत नसते.

नातवंडाला मांडीवर घेण्याचे सुख कोणी कमी लेखू नये. मुलांच्या हेतूविषयी शंका घेण्याचेही कारण नाही. परंतु अमेरिकेच्या उपनगरात सहा महिने काढणे म्हणजे काय, याचा विचार निघण्यापूर्वी क्वचितच होतो. तेथे पुष्कळ ठिकाणी मोटारीवाचून घराबाहेर पडणे अवघड असते. मुलगा व सून कामावर गेल्यावर दिवसभर बोलायला माणूस मिळत नाही. रोज सकाळी चौकापर्यंत फेरी मारून चार ओळखीच्यांशी बोलणाऱ्या माणसाला ते सुंदर घर लवकरच बंदिवासासारखे वाटू लागते. पाहुण्याच्या व्हिसावर साधारणतः सहा महिने राहता येते. म्हणून सहा महिने राहिलेच पाहिजे असे नाही. दीड-दोन महिन्यांचा मुक्काम आणि त्यातले आठ-दहा दिवस केवळ स्वतःच्या आवडीच्या भ्रमंतीसाठी, अशी आखणी दोन्ही पिढ्यांच्या हिताची ठरेल.

महाराष्ट्रात याचे उदाहरण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. मार्च १९२९ मध्ये, सत्तरी पूर्ण झालेली असताना, ते इंग्लंडला निघाले. तेथून जिनिव्हा व डेन्मार्कमधील एल्सिनोर येथील शिक्षणपरिषदांना ते उपस्थित राहिले, पुढे अमेरिका व जपान पाहून एप्रिल १९३० मध्ये परतले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. तो काळ आगबोटीचा होता. हिंदुस्थानातील स्त्रीशिक्षणाचे कार्य जगापुढे मांडावे आणि महिला विद्यापीठासाठी साहाय्य मिळवावे, हा त्यांचा उद्देश होता. प्रत्येकाला एवढे मोठे कार्य नसते. तरी भूगोल शिकवणाऱ्याने नकाशातली नदी प्रत्यक्ष पाहावी, इतिहासाच्या शिक्षकाने एखादे संग्रहालय दिवसभर न्याहाळावे, एवढा स्वतःचा हेतू कोणालाही बाळगता येतो.

हेतू ठरला की तयारी आपल्या हाती घ्यावी. पहिली अडचण कागदपत्रांची. जुन्या पिढीतील कित्येकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना सोयीने १ जून लिहिली गेली; आधारपत्रावर दुसरीच असते. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे व सासरचे नाव वेगवेगळ्या कागदांवर आढळते. हे मेळ आधी बसवावेत, म्हणजे पासपोर्टचे काम अडत नाही. साठीनंतर प्रथमच पासपोर्ट काढणाऱ्यास शुल्कात दहा टक्के सवलतही आहे. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. मलकापूर वा शेगाव गाठून मुंबईस जावे लागते. तेव्हा व्हिसाच्या मुलाखतीसाठी असो की विमानासाठी, एक दिवस आधी पोहोचणेच शहाणपणाचे. निवृत्तिवेतनधारकांसाठी नोव्हेंबर महिना हयातीच्या दाखल्याचा असतो. त्या काळात परदेशी असल्यास काय करावे, हे कोषागारात आधीच विचारून ठेवावे.

प्रकृतीची काळजी याहून महत्त्वाची. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अमेरिकेतील उपचार तर अतिशय महाग आहेत. मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार विम्यात धरले आहेत की वगळले आहेत, हे पैसे भरण्यापूर्वी वाचावे. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत. आखाती देशांत काही वेदनाशामक गोळ्या परवान्यावाचून नेता येत नाहीत. लांबच्या विमानप्रवासात अधूनमधून उठून पाय मोकळे करावेत, आणि चालणे कठीण असेल तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून घ्यावी. तीत कमीपणा नाही.

हे सारे खर्चाचे आहे आणि कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या या जिल्ह्यात ते थोड्यांनाच परवडेल, हा आक्षेप खरा आहे. पण परदेश म्हणजे अमेरिकाच नव्हे. नेपाळला व्हिसा लागत नाही. बुद्धांचे जन्मस्थान लुंबिनी तेथेच आहे. उलट ज्यांना परवडते तेही पुढच्या वर्षी पाहू म्हणत गुडघे थकेपर्यंत थांबतात आणि मग पैसा असून पाय नसतात, हे अधिक दुःखद आहे.

प्रवासाची रीत या जिल्ह्याला नवी नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला पायी जाते. वाट सुमारे ७०० किलोमीटरची आणि चालणाऱ्यांत वृद्धही असतात. सामान बेताचे, मुक्काम ठरलेले, सोबत दिंडीची आणि मनात एकच ओढ, हीच शिस्त विमानाच्या प्रवासालाही उपयोगी पडते. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आणि गावोगावच्या वाचनालयांनी, जाऊन आलेल्यांचे अनुभव जाणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम अंगावर घ्यावे. मुलांनीही आईवडिलांना बोलावताना तारीख कळवण्याआधी एक प्रश्न विचारावा: तुम्हांला काय पाहायचे आहे?