नव्वदी पार, तरी यादीबाहेर

दहावीला 92 टक्के मिळवणारा विद्यार्थी हुशार समजायचा की बेताचा, याचे उत्तर महाराष्ट्रात तो अकरावीचा अर्ज कोणत्या शहरात भरतो यावर ठरते. तालुक्याच्या गावी त्याच्या घरी पेढे वाटले जातात. माटुंगा, चर्चगेट किंवा पुण्याच्या डेक्कन परिसरातील नामवंत महाविद्यालयाच्या पहिल्या यादीत मात्र त्याचे नाव शोधूनही सापडत नाही. फर्ग्युसनच्या विज्ञान शाखेचा कट-ऑफ अलीकडच्या वर्षांत 96-97 टक्क्यांच्या घरात राहिला आहे. रुईया आणि झेवियर्समध्ये तर कला शाखेसाठीही नव्वदी ओलांडावी लागते.

वास्तविक राज्यात जागांची टंचाई नाही. 2025 मध्ये केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया प्रथमच संपूर्ण महाराष्ट्रात लागू झाली, तेव्हा अकरावीच्या सुमारे 21 लाख जागा उपलब्ध होत्या. राज्य मंडळातून त्या वर्षी साडेचौदा लाख नियमित विद्यार्थी उत्तीर्ण झाले. सीबीएसई आणि आयसीएसईची भर धरली तरी काही लाख जागा रिकाम्या राहणार, हे उघड होते. तुटवडा आहे तो पालकांचा विश्वास असलेल्या मोजक्या महाविद्यालयांचा. त्यांच्या दारातील रांग केवळ एका आकड्यावर लावली जाते आणि तो आकडाच किती भरवशाचा, हा खरा प्रश्न आहे.

राज्य मंडळाचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. 2019 मध्ये तो 77.10 टक्क्यांवर कोसळला आणि 2020 मध्ये 95.30 टक्क्यांवर गेला. शंभर टक्के मिळवणारे 2019 मध्ये अवघे 20 होते. पुढच्याच वर्षी ते 242 झाले. मुले एका वर्षात ढ झाली आणि दुसऱ्या वर्षी बृहस्पती झाली, असे कोणी म्हणणार नाही. भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळांच्या हाती असलेले अंतर्गत गुण 2019 च्या परीक्षेत काढून घेण्यात आले आणि ओरड झाल्यावर परत देण्यात आले, एवढाच मुख्य फरक. करोनामुळे परीक्षाच न झालेल्या 2021 मध्ये शतकवीरांची संख्या 957 वर गेली. 2025 मध्ये असे 211 विद्यार्थी होते आणि त्यांतील 113 एकट्या लातूर विभागाचे. कला व क्रीडा प्रकारांतील सवलतीचे गुण आणि सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरण्याची पद्धत यांमुळे वरच्या टोकाची गर्दी आणखी दाटते. परिणामी 94.2 आणि 94.6 यांतील फरक कोणाच्या आकलनाचा उरत नाही. प्रवेश मात्र त्याच फरकाने जातो.

या गर्दीवर सरकारने केलेले उपाय बहुतेक मंडळा-मंडळांतील वादापुरते राहिले. 2008 मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आले, 2009 मध्ये राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी 90 टक्के जागा राखून ठेवण्याचे. मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही रद्द ठरवले. 2010 चे ‘बेस्ट फाइव्ह’ही उच्च न्यायालयात टिकले नाही, पण सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. 2021 मध्ये अकरावीसाठी स्वतंत्र सीईटी घेण्याचा निर्णय झाला आणि तोही न्यायालयात रद्द झाला. प्रत्येक वेळी भांडण झाले ते कोणाचे टक्के कोणाच्या टक्क्यांबरोबर तोलायचे याचे. टक्क्यांखेरीज आणखी काही पाहावे का, हा प्रश्न या वादांत मागेच राहिला. केंद्रीय प्रक्रियेत तर महाविद्यालयाच्या प्राचार्यांनाही आपल्याकडे कोण येणार याबाबत काही म्हणता येत नाही.

अशा स्थितीत 88 ते 93 टक्क्यांच्या पट्ट्यातील विद्यार्थ्याच्या हाती खऱ्या अर्थाने उरतो तो पसंतीक्रमाचा अर्ज. नेमका तोच घाईत आणि ऐकीव माहितीवर भरला जातो. ‘अवघड महाविद्यालय पहिले लिहिले तर दुसरेही हातचे जाईल’ हा समज घरोघरी आढळतो. तो निराधार आहे. वाटप गुणवत्तेच्या क्रमाने होते आणि विद्यार्थ्याच्या यादीतील जे वरचे महाविद्यालय त्याच्या गुणांना शक्य असेल ते त्याला मिळते. वरची पसंती हुकल्याची शिक्षा खालच्या पसंतीला होत नाही. धोका आहे तो उलट दिशेने. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास प्रवेश घेणे बंधनकारक असते. न घेतल्यास विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद होतो. म्हणजे भीतीपोटी सोपे नाव वर टाकणारा विद्यार्थी आपल्या हाताने दार लावून घेतो. दहाच्या दहा पसंत्या नामांकित महाविद्यालयांच्या भरणारा मात्र पहिल्या फेरीत रिकाम्या हाताने परततो. गेल्या वर्षीचा कट-ऑफ अंदाजापुरता उपयोगी. निकाल वर-खाली झाला की तो फसतो.

याच अर्जात पैशाचाही हिशेब दडलेला असतो. एकाच महाविद्यालयाच्या अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकड्यांना वेगवेगळे संकेतांक असतात. दुसऱ्या प्रकारच्या तुकडीचा कट-ऑफ अनेकदा खाली येतो, शुल्क मात्र कित्येक पटींनी वर जाते. इमारत तीच, नाव तेच. दोन-तीन टक्क्यांची तूट कुटुंबाला रोखीने भरून काढावी लागते. ज्यांना ते झेपते त्यांच्यासाठी पाच टक्के मॅनेजमेंट कोटाही असतो. त्याच संस्थेच्या शाळेतील मुलांना दहा टक्के इनहाऊस कोटा आहे आणि अल्पसंख्याक संस्थांत निम्म्या जागा त्या त्या समाजासाठी आहेत. यांतील काही तरतुदींना घटनात्मक आधार आहे, हे मान्यच. पण यांपैकी कशातही न बसणाऱ्या, अनुदानित शुल्कच परवडणाऱ्या 91 टक्क्यांच्या मुलाला दिसणारा रस्ता प्रत्यक्षात बराच अरुंद असतो.

त्या नावांचा अट्टहास धरावा का, याचे उत्तर शाखेनुसार बदलते. अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेश जेईई, सीईटी आणि नीटवर ठरत असल्याने विज्ञानाचे कितीतरी विद्यार्थी नामवंत महाविद्यालयात नाव घालतात आणि दोन वर्षे खासगी क्लासच्या बाकावर काढतात. त्यांच्यासाठी 97 टक्क्यांची झुंज ही बरीचशी पाटीपुरतीच. कला आणि वाणिज्य शाखेत चित्र वेगळे आहे. मुंबईत पदवीच्या पहिल्या वर्षाला त्याच महाविद्यालयातून बारावी झालेल्यांना प्राधान्य मिळते. अकरावीला आत गेलेला विद्यार्थी पाच वर्षे तिथेच राहू शकतो. बाहेर राहिलेल्याला बारावीनंतर उरलेल्या जागांसाठी पुन्हा रांगेत यावे लागते. ग्रंथालय, नाट्यमंडळ, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत उपयोगी पडणाऱ्या ओळखी, हे सारे या पाच वर्षांत मिळते. सोळाव्या वर्षी अर्ध्या टक्क्याने हुकलेली संधी ती ही.