हिशेब जुळत नाही तेव्हा...

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची. त्यामुळे माझ्या मराठीत ज्या काही चुका सापडतील त्या संपादकांनी कृपया 'अनअकाऊंटेड लॉसेस'मध्ये टाकाव्यात! हा शब्द मुद्दाम वापरला, कारण आजचा विषय तोच आहे.

मेकॅनिकलवाल्यांना सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात. आय. सी. इंजिनच्या लॅबमध्ये 'हीट बॅलन्स शीट' नावाचा प्रयोग असतो. डिझेल जाळून मिळालेली उष्णता 100 टक्के धरायची. त्यातली किती शाफ्टवर कामी आली, किती कूलिंग वॉटर घेऊन गेलं आणि किती धुराबरोबर बाहेर पडली ते मोजायचं. जिचा पत्ताच लागत नाही, ती शेवटच्या ओळीत लिहायची. त्या ओळीचं नाव 'अनअकाऊंटेड'.

गेल्या सेमिस्टरला आमच्या बॅचचं अनअकाऊंटेड आलं 46 टक्के. सीनियर्सच्या जर्नलमध्ये होतं 28. मग आम्ही काय केलं? सगळे करतात तेच! कूलिंग वॉटरचं तापमान कागदावर थोडं वाढवलं, आकडा 28 च्या आसपास आणला आणि सही घेऊन मोकळे झालो. दोन महिन्यांनी लॅबमधले काका सांगत होते की एक्झॉस्टचा थर्मोकपल सैल झाला होता, केव्हापासून कमी तापमान दाखवत होता. "इतक्या मुलांनी रीडिंग घेतली, एकालाही कळलं नाही?" असं त्यांनी विचारलं. मी गप्प बसले. काका, कळलं होतं हो. प्रत्येक बॅचला कळलं होतं. प्रत्येक बॅचने ते जुळवून टाकलं!

त्याच सुमारास मी डार्क मॅटरबद्दल वाचत होते आणि एकदम लक्षात आलं की डार्क मॅटर म्हणजे विश्वाच्या बॅलन्स शीटमधली 'अनअकाऊंटेड'ची ओळ आहे. फरक एवढाच, की ती ओळ कुणी जुळवून टाकली नाही.

गोष्ट सुरू होते 1933 साली. फ्रिट्झ झ्विकी नावाचा शास्त्रज्ञ कोमा या दीर्घिकांच्या समूहाचा अभ्यास करत होता. हा समूह आपल्यापासून सुमारे 32 कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. वर्णपटातल्या रेषा किती सरकल्या यावरून दीर्घिकांचा वेग काढता येतो. वेग इतके जास्त निघाले की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाने हा समूह एकत्र राहूच शकला नसता, कधीच पांगला असता. म्हणजे दिसत नाही असं पुष्कळ काहीतरी तिथे असणार! झ्विकीचा आकडा जरा जास्तच मोठा निघाला होता, कारण त्या काळी अंतरंच चुकीची धरली जात. पण मूळ निष्कर्ष टिकला. तरी पुढची कित्येक वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

मग आल्या व्हेरा रुबिन. ज्या काळात पालोमारच्या वेधशाळेत बायकांना अधिकृतपणे दुर्बिणीवर कामच करू देत नसत, तो हा काळ. 1965 साली तशी परवानगी मिळालेल्या त्या पहिल्या. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत त्यांनी केंट फोर्ड यांच्याबरोबर देवयानी दीर्घिकेचं, म्हणजे अँड्रोमेडाचं, फिरणं मोजलं.

आता आपली सूर्यमाला बघा. बुध सेकंदाला 47 किलोमीटर धावतो, पृथ्वी 30 आणि पार टोकाचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. जितकं लांब तितकं हळू. दीर्घिकेचा बहुतेक प्रकाश मध्यभागी असतो, म्हणून कडेचे तारेही हळू फिरायला हवेत. पण ग्राफ खाली येईचना! 1970 साली त्यांनी जसा आला तसा तो छापला. 1980 साली आणखी 21 दीर्घिका मोजल्या, तरी तेच. हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटरच्या रेडिओ लहरी तर दिसणाऱ्या ताऱ्यांच्याही पलीकडचं फिरणं दाखवतात. तिथेही ग्राफ सपाट. अशी मोजमापं आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीवरही होतात. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत तिथे. इंडस्ट्रियल व्हिजिटला एकदा तिकडे नेलं तर काय बिघडेल?

सूत्र अकरावीचंच आहे. वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले जी, म्हणजे आतलं वस्तुमान. वेग तोच राहिला आणि अंतर वाढलं तर वस्तुमानही वाढायला हवं. प्रकाश तर संपलेला असतो! मराठीत याला कृष्णद्रव्य म्हणतात, पण खरं तर ते काळं नाही, पारदर्शक आहे. प्रकाश अडवत नाही आणि सोडतही नाही. फक्त ओढतं.

न दिसणाऱ्या गोष्टीचं वजन करायची आणखी एक युक्ती आहे. वस्तुमानाजवळून जाताना प्रकाश वाकतो. मागच्या दीर्घिकांची चित्रं किती वाकडी झाली यावरून मध्ये किती वस्तुमान आहे ते कळतं. 'बुलेट क्लस्टर'मध्ये दोन समूह एकमेकांतून आरपार गेलेत. त्यांच्यातला गरम वायू धडकून मागे राहिला, तो क्ष-किरणांत दिसतो. पण 2006 साली वस्तुमानाचा नकाशा काढला तेव्हा बहुतेक वजन वायूपाशी नव्हतंच, दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेलं होतं. आजचा हिशेब असा आहे: साधं द्रव्य सुमारे 5 टक्के, डार्क मॅटर 27 आणि डार्क एनर्जी 68. म्हणजे आपण ज्याला 'सगळं' म्हणतो, तारे, ग्रह, हॉस्टेल, मेसमधली डाळ, ते 5 टक्क्यांत आलं!

मग हे द्रव्य आहे तरी कशाचं? अमेरिकेत साउथ डाकोटात जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर 7 टन द्रवरूप झेनॉन घेऊन शास्त्रज्ञ एका कणाच्या धक्क्याची वाट बघताहेत. आतापर्यंत खात्रीचा एकही सापडलेला नाही, आणि तेही त्यांनी छापलंय! उलट मिलग्रोम यांनी 1983 सालीच सुचवलं होतं की अदृश्य द्रव्य वगैरे काही नाही, गुरुत्वाचा नियमच बदलायला हवा. बुलेट क्लस्टरसारख्या पुराव्यांमुळे बहुतेकांचा कौल डार्क मॅटरकडे आहे, पण दोन्ही गोष्टी पूर्वी घडल्यात. युरेनस वाट चुकत होता म्हणून 1846 साली नेपच्यून सापडला. बुधही वाट चुकत होता, म्हणून 'व्हल्कन' नावाचा ग्रह शोधत बसले, तो कधीच मिळाला नाही. 1915 साली आइनस्टाइनने नवा नियमच दिला. एकदा वस्तू सापडली, एकदा नियम बदलला. पण दोन्ही वेळा न जुळणारा आकडा कुणीतरी जपून ठेवला होता.

आता माझे रूम पार्टनर म्हणतील, "रुबिन बाईंना टर्मवर्कची डेडलाइन नव्हती!" खरंय. चौघांत एक सेटअप, दोन तासांची लॅब आणि जुळलेल्या आकड्यालाच मार्क. अशा वेळी जर्नल छापण्याला, शीटची जीटी मारण्याला फक्त मुलांना दोष देणं मला पटत नाही. म्हणून सर आणि मॅडमना एक नम्र विनंती. दहातले दोन मार्क 'आकडा का जुळला नाही' यासाठी ठेवा. मग बघा, थर्मोकपल पहिल्याच बॅचमध्ये सापडेल! आणि मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कुणी बॉयलर तपासेल, कुणी पूल. तिथे सीनियरचं जर्नल नसणार.

या सेमिस्टरला हीट ट्रान्सफरच्या एका प्रयोगात माझं उत्तर पुस्तकापेक्षा बरंच कमी आलं. मी तसंच लिहिलं. फाईल 'रिपीट' असा शेरा घेऊन परत आली. शनिवारी थांबून परत केला. परत तेच आलं, परत तेच लिहिलं. कारण अजून शोधतेय. ओरलला काय होईल ते होईल!