'गाठ वाढली' ऐकून खचू नका, आधी प्रश्न विचारा

मेंदूच्या गाठीला रेडिएशन देऊन होते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढतात, तर डाग मोठा दिसतो. वाकोल्याच्या वस्तीतले घर मग हातपाय गाळते. कुणी दागिने मोडायला निघते, कुणी अंगारे-धुपारे शोधते. आमचे म्हणणे एवढेच, की आधी डॉक्टरांना विचारा: गाठ खरेच वाढली, की हा रेडिएशनचा परिणाम आहे?

साध्या एमआरआयमध्ये दोन्ही सारखेच दिसू शकतात. फरक रक्तपुरवठ्यात असतो. जोमाने वाढणारी गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते. रेडिएशनने मेलेल्या भागात रक्त कमी असते. परफ्युजन एमआरआयमध्ये शिरेतून गॅडोलिनियमचे औषध झपाट्याने सोडतात आणि ते मेंदूतून जाताना भराभर चित्रे घेतात. त्यावरून कुठे किती रक्त खेळते ते कळते. एमआरआय चालू असतानाच ही काही मिनिटांची जादा तपासणी होते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधीच सांगा. इंजेक्शनशिवायची एएसएल पद्धतही आहे.

हा अखेरचा निकाल नव्हे. कधी बायोप्सी करावीच लागते. जुन्या फिल्म, सीडी मात्र जपून ठेवा. तुलना त्यांच्याशीच होते.

परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत पोचलेल्यांनाच या तपासणीचे नाव कळावे, हे आम्हाला मान्य नाही. गरज असलेल्या प्रत्येकाला ती सार्वजनिक रुग्णालयात वेळेत मिळाली पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. दवाखान्यात शिकण्याची सुरुवात प्रश्न विचारण्यापासून होते.