मिसळलेलें प्लास्टिक व त्याचें बळ

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर टाकून दिलेल्या जाळ्यांचे ढीग पाहून कांहीं सज्जन असें सुचवितात कीं, हें सर्व प्लास्टिक एकत्र वितळवून त्याच्या फळ्या व बांकें कां करूं नयेत? सूचना सद्धेतूची आहे. परंतु ती ज्या समजुतीवर उभी आहे, ती पदार्थविज्ञानास मान्य नाहीं. आगाशीसारख्या गांवच्या शाळांतून तरी ही समजूत दूर झाली पाहिजे, असें आमचें मत आहे.

पूर्वीं जाळीं तागाच्या व कापसाच्या सुताचीं असत. आतां तीं नायलॉनचीं किंवा पॉलिथिनचीं असतात. बाजार या दोहोंस प्लास्टिक म्हणतो, पण त्यांचे स्वभाव भिन्न. जाळ्यांचें पॉलिथिन सुमारें १३० अंश सेंटिग्रेडला वितळतें. नायलॉन-६ ला सुमारें २२० अंश लागतात. दोन्ही वितळवून कितीही ढवळलीं तरी तीं एकजीव होत नाहींत. लहान व सुटे रेणू मिसळले म्हणजे त्यांस विखुरण्याच्या पुष्कळ नव्या वाटा मिळतात. पॉलिमरचा, म्हणजे बहुवारिकाचा, रेणू ही हजारों दुव्यांची सांखळी. तिला असा लाभ फारच थोडा होतो, आणि दोन जातींमधील किंचित् नावडही त्यांस अलग ठेवण्यास पुरते. मिश्रण थंड झालें कीं एकाचीं बेटें दुसऱ्याच्या समुद्रांत राहतात. बेट व समुद्र यांची पकड कच्ची; ओढ बसतांच भेग तेथेंच पडते. दोहोंस धरून ठेवणारा मध्यस्थ पदार्थ घातल्यास पकड सुधारते खरी. पण त्यास पैसा पडतो, व कशांत काय किती आहे हें ठाऊक असावें लागतें. किनाऱ्यावरील ढिगाऱ्याचा असा हिशेब कोणीं ठेवला आहे?

मग दोन भिन्न बहुवारिकें एकत्र नांदणारच नाहींत काय? नांदतात, आणि त्याची युक्ति कोळ्याच्या मुलास आमच्यापेक्षां लवकर उमजेल. एक जाळें विणून झाल्यावर त्याच्या घरांतून दुसऱ्याचा दोरा ओंवीत तेंही पुरें विणलें, अशी कल्पना करा. दोहोंत एकही गांठ सामायिक नाहीं. तरी दोरा कापल्यावांचून तीं सुटणार नाहींत. रसायनशास्त्रज्ञ हेंच रेणूंच्या बाबतींत करितात: पहिलें जाळें दुसऱ्याच्या द्रवांत फुगवितात व मग तो द्रव आंतल्या आंत घट्ट करितात. अलग होण्याची ओढ जात नाहीं, पण जाळीं तीस दूर जाऊं देत नाहींत. म्हणून बेटें अतिसूक्ष्मच राहतात.

एडिसनच्या पदरीं असलेल्या जोनास एल्सवर्थनें १९१४ सालीं ठिसूळ राळेंत रबर व गंधक मिसळून हीच गोष्ट साधली. तिला परस्परगुंफित जाळ्यांचें नांव १९६० सालीं मिलर यानें दिलें. परंतु या युक्तीचें बळ खरें दिसलें तें २००३ सालीं. जपानांतील होक्काइदो विद्यापीठांत ज्यान पिंग गोंग व त्यांचे सहकारी यांनीं असा गोळा केला कीं, बहुतांश पाणी असूनही तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारें १७० किलोग्रॅमचा दाब सोसतो. त्यांतील ताठ जाळें आधीं जागोजाग तुटतें आणि आघात जिरवितें. मऊ जाळें ताणलें जाऊन सारें सांवरतें.

येथें स्तुति थांबवून एक हरकत घेणें अवश्य आहे. हें बळ सुटूं न शकण्यापासून आलेलें आहे. म्हणून अशी वस्तु निकामी झाली तरी वितळत नाहीं. सोळाव्या शतकांत आगाशी जहाजबांधणीसाठीं प्रसिद्ध होती. लांकडी गलबताच्या फळ्या उकलून पुन्हां कामास घेतां येतात. फायबरच्या होडीची राळ, तींत जाळें एकच असलें तरी, एकदां घट्ट झाली कीं पुन्हां पातळ होत नाहीं. नव्या पदार्थाच्या गुणांबरोबर त्याच्या शेवटाची व्यवस्था कोणीं करावयाची, हें विक्रीपूर्वींच ठरलें पाहिजे. आणि तें करणाऱ्यानेंच सांगावें, घेणाऱ्यावर सोंपवूं नये.

जाळ्यांपुरता उपाय मात्र सोपा आहे, तो म्हणजे मिसळण्यापूर्वीं निवडणें. जाळ्याचे तुकडे बादलीभर पाण्यांत टाकावे. पॉलिथिनची घनता सुमारें ०.९५, तें तरंगतें. नायलॉनची सुमारें १.१४, तें बुडतें. हवेचे बुडबुडे चिकटल्यास फसगत होते, म्हणून तुकडे प्रथम पाण्याखालीं बोटांनीं चोळून घ्यावे.